दसऱ्याच्या दिवशी बंद ठेवलेला डबा

आमच्या भांडुपच्या घरात वर्षभर एक काळा डबा होता. घर माझं, टेबल माझं, त्याला लागणारी वीज माझ्या मीटरची. पण डबा माझा नव्हता, मुलाचा नव्हता, आणि जिने तो घरी आणला त्या सुनेचाही नव्हता.

सून अंधेरीच्या एका कंपनीत खेळ बनवते. टीव्हीला जोडून, हातात बटणं धरून पोरं खेळतात ते खेळ. कंपनी म्हणजे सगळी मिळून सहा माणसं. असे खेळ ज्यावर चालतात ते डबे बाजारात मिळतात, पण आमच्याकडचा डबा त्यांचा थोरला भाऊ. खेळ बनवणाऱ्यांनाच तो मिळतो. परदेशातली कंपनी तो विकत नाही, वापरायला देते. अंधेरीच्या ऑफिसच्या इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा सुनेने रीतसर परवानगी काढली, कागदावर स्वतःची सही केली आणि डबा घरी आणला.

पहिल्याच दिवशी तिने मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, हा कोणाला दाखवायचा नाही. फोटो तर अजिबात नाही. करारच आहे तसा."

मी म्हटलं, "माझ्या घरातली वस्तू मी झाकून ठेवू?"

"तुमच्या घरात आहे, पण तुमची नाही ना."

हे मला लागलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण घर मी उभं केलंय. तरी मान डोलावली. मनात एवढंच धरलं, की बाहेरच्या कोणाला दाखवायचा नाही. घरच्या माणसांना 'कोणी' म्हणत नाहीत, असा माझा हिशेब. तिने तसं म्हटलं नव्हतं. मीच धरलं.

डब्याशी माझी दोस्ती जमली ती तिच्या खेळामुळे. खेळात एक म्हातारी होती. ओहोटीला खडकावर जाऊन कोयतीने कालवं फोडायची आणि भरती यायच्या आत परत यायची, बस, एवढाच खेळ. सुनेचं माहेर मुलुंडचं, सोसायटीतलं. तिने कालव फक्त ताटात बघितलेलं. तिची म्हातारी खडकावरून बागेत फिरायला आल्यासारखी चालायची. मी हसलो. म्हटलं, "ही अशी चालली तर पहिल्याच खडकावर पाय कापून घेईल." माझी आई गावी कालवं काढायला जायची, तिच्या मागून मी खडकावर फिरलेला. मग मी सुनेला दाखवलं. आधी पायाचा पंजा टेकवायचा, मग वजन टाकायचं. पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या फटीतून येतं. तिने ते लिहून घेतलं आणि चार दिवसांनी म्हातारी माझ्या आईसारखी चालायला लागली. हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी, पडद्याकडे बघून डोळ्याला पदर लावला. मी काही लावला नाही, पण त्या दिवसापासून डबा मला परका वाटेना.

आता दसऱ्याचं सांगतो. मी सतराव्या वर्षी गिरणीत लागलो. साचे चालवले. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. दसऱ्याला आमच्या खात्यात साचे बंद. आदल्या दिवशी तेल-कापूस पुसून लख्ख करायचे, मग झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. वर्षभर ज्याने राबून खायला घातलं त्याला एक दिवस विश्रांती आणि नमस्कार. त्या दिवशी पट्टा फिरला नाही पाहिजे, फिरवणाऱ्याला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, शिव्या घालायचा. साच्याला नाव नसतं, नंबर असतो. म्हणून कुंकू लावायचं ते नंबरच्या पत्र्याजवळ. पुढे संप झाला, गिरणी गेली, मी मुलुंडच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर लागलो. तिथेही मी हेच केलं. मालक गुजराती होता, तोही माझ्याच हातून नारळ फोडून घ्यायचा. आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. घरात यंत्र म्हणजे मिक्सर आणि शिलाई मशीन. त्यांची पूजा मी करतोच.

त्या दसऱ्याला सून सोनं द्यायला सकाळीच मुलुंडला आईकडे गेली. मी मिक्सर पुसला, शिलाई मशीन पुसली आणि मग डब्याकडे बघितलं. वर्षभर तो या घरात राबत होता. त्याला तसाच ठेवायचा? मी त्याचं बटण भिंतीवरून बंद केलं, पुसला, माळ घातली. नंबर मागच्या बाजूला होता म्हणून डबा फिरवून नंबर पुढे आणला आणि त्याच्या बाजूला कुंकू लावलं, अक्षरावर जाऊ दिलं नाही. मग मोबाइलने फोटो काढला आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सुनेचा साचा'.

ही म्हणाली, "तिना सांगितल्यान होता ना तुमका, फोटो काढू नका म्हणान?"

"भावकीत टाकलाय. बाजारात नाही टाकला."

"बघा बाबा," ही म्हणाली आणि पुरणाला गेली.

संध्याकाळी सून आली. माळ बघून हसली, हात जोडले. "आज कामाला हात लावायचा नाही ना?" असं तिनेच विचारलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी मीच चालू करून देईन." दिला. फोटोचं मी तिला सांगितलं नाही. लपवलं असं नाही, पण सांगितलंही नाही. आता लिहिताना कळतं की दोन्ही एकच.

तीन दिवस डबा नीट चालला. चौथ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. आतून सुनेचा आवाज आला नाही, हेच मला खटकलं. एरवी ती काम करताना पुटपुटते. मी गेलो. डब्याचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हे यंत्र वापरायची परवानगी काढून घेतली आहे."

"कोणी काढली? इथे तर कोणी आलं नाही."

"यायला लागत नाही बाबा. तो रोज इंटरनेटवरून त्यांना हजेरी लावतो. त्यांनी तिकडून नाही म्हटलं की संपलं."

मी तिला म्हटलं, प्लग काढून परत लाव. तिने माझ्या समाधानासाठी लावलाही. तीच ओळ.

मग तिच्या साहेबाचा फोन आला. साहेब माझ्या मुलापेक्षा लहान, ती त्याला अरे-तुरे करते. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. तिने मला मोबाइल दाखवला. परदेशी कंपनीने पत्र पाठवलं होतं आणि पत्रात माझा फोटो. झेंडू, कुंकू आणि त्याच्या बाजूला डब्याचा नंबर, एकेक आकडा वाचता येईल असा. नंबराभोवती त्यांनी लाल वर्तुळ काढलेलं. दर डब्याचा नंबर वेगळा, त्यावरून घर सापडायला त्यांना वेळ लागला नाही.

"हा बाहेर कसा गेला?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं झालं असतं.

भावकीच्या ग्रुपवर भाचाही होता, असलं काही दिसलं की पुढे ढकलणारा तो एकच. मी गावी त्याला फोन लावला.

"मामानू! काय फोटो काढलात! मी सगळीकडे टाकलंय. आमच्या मामांची सून परदेशी कंपनीचो गेम बनवता, ह्यो बघा डबो!"

"रे मेल्या, तो फोटो काढ आधी."

"पण मामानू, तीनशे लाइक इले..."

"लाइक घाल चुलीत! काढ म्हणतोय ना!"

त्याने काढला. पण तोवर फोटो कुठे कुठे फिरून आला होता.

सुनेने मला नीट समजावलं, काय पणाला लागलंय ते. खेळ वाया गेला नव्हता, तो तिच्या कॉम्प्युटरवर शाबूत होता. पण पुढच्या आठवड्यात बंगळूरची माणसं खेळ बघायला येणार होती. त्यांना आवडला तर ते तो जगभर विकणार. आणि खेळ डब्यावर चालवूनच दाखवायचा होता. "मासळी घरात आहे बाबा, पण चूल विझवली त्यांनी," ती म्हणाली. त्याहून वाईट म्हणजे, परदेशी कंपनी या सहा जणांची परवानगी कायमची काढू शकत होती. मग असे खेळ बनवणंच बंद. आणि डबा घरी नेण्याच्या कागदावर सही तिची. साही जणांच्या पोटापाण्याचं उत्तर तिला द्यायचं होतं.

आणि मी काय केलं? मी भांडलो. पुसून, माळ घालून नमस्कार केला, यात चोरी कसली? गिरणीच्या मालकाने कुलूप लावलं तेव्हा निदान माणूस पाठवून लावलं, आम्ही दारात उभे राहून त्याला तोंडावर बोललो. इथे बोलायचं कोणाला? मी असं बराच वेळ बोलत होतो. सून ऐकत होती. शेवटी हिने ताट आदळलं.

"जेवा आणि गप रवा. चूक तुमची, आणि भाषण पण तुमचाच."

मी जेवलो नाही. गप मात्र राहिलो.

दुपारी साहेब घरी आला. मी दार उघडलं. त्याने बूट काढले, मला नमस्कारही केला, पण डोळे लाल होते.

मी म्हटलं, "फोटो मी काढला. हिचा काही संबंध नाही."

"कळलं बाबा. पण आता राग करून काय मिळणार? उत्तर द्यायचंय." मग तो सुनेकडे वळला. "हे बघ, आपण लिहू की त्या दिवशी तू यावर काम करत होतीस, पाहुणे आले, त्यांच्यातल्या कोणीतरी न विचारता फोटो काढला. साधं सरळ. सणाचा दिवस, कोणालाही पटेल."

"खोटं लिहायचं?" ती म्हणाली.

"सहा जणांचं काम आहे यार. थोडं फिरवून लिहायचं."

"मग मी लिहिते की फोटो मीच काढला. बाबांचं नाव नको. घरातली माणसं हात लावतात म्हटलं तर ते अजून चिडतील."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. माझं कुंकू, माझा फोटो, आणि शिक्षा हिला? आयुष्यात मी जॉबरला भ्यालो नाही, मालकाला भ्यालो नाही. आणि आता सुनेच्या पदराआड लपू?

"मी लिहितो," मी म्हटलं.

साहेब म्हणाला, "बाबा, इंग्रजीत लिहायचंय."

"मी मराठीत लिहितो. ही इंग्रजी करील. पण माझा एक शब्द बदलायचा नाही."

"बाबा, समजून घ्या ना..."

"मी समजून घेतलं नाही म्हणून तर ही वेळ आली. आता लिहून तरी देऊ दे."

साहेबाने सुनेकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, ती मला थांबवील. ती आत गेली आणि वही-पेन घेऊन आली. टेबलावरचा पसारा हाताने बाजूला केला आणि मला खुर्ची ओढून दिली. त्या खुर्चीबद्दल मला जे वाटतं ते मला नीट लिहिता येत नाही. तिची नोकरी, तिची सही, तिची पाच माणसं, आणि तिने पेन एका हट्टी म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

मला दीड तास लागला. लिहिलं ते असं होतं.

'मी या मुलीचा सासरा. चूक माझी. तिने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी जन्मभर यंत्रावर काम केलं. आमच्यात दसऱ्याला यंत्र बंद ठेवून त्याला नमस्कार करतात. तुमचं यंत्र वर्षभर चांगलं चाललं म्हणून केला. त्या दिवशी मी ते सकाळी भिंतीवरून बंद केलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं, मध्ये कोणी काम केलं नाही. फोटो मी नातेवाइकांना पाठवला, त्यांच्यातल्या एकाने बाहेर टाकला. सून तेव्हा घरात नव्हती. शिक्षा मला करा. पण मला नोकरी नाही, म्हणून ती कशी करायची ते तुम्हीच बघा. या सहा जणांना करू नका. यापुढे मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही.'

सुनेने इंग्रजी केलं आणि परत मराठीत मला वाचून दाखवलं, म्हणजे मी पडताळून घ्यावं. एक शब्द बदलला नव्हता. शेवटच्या ओळीला ती अडखळली. "ही राहू दे का?" "राहू दे," मी म्हटलं. साहेबाने कपाळाला हात लावला आणि तिच्या बाजूला उभं राहून पाठवायचं बटण दाबू दिलं. हे त्याचंही मोठेपण.

पाच दिवस उत्तर नाही. बंगळूरची माणसं यायला तीन दिवस राहिले. सून रोज कॉम्प्युटरवर काम करायची, म्हातारीला चालवायची, पण डब्याकडे बघायची नाही. मुलगा बाहेरगावी कामावर होता, त्याला तिने काही कळवलं नव्हतं. तिच्या आईचा फोन आला तरी "सगळं छान" म्हणाली. माझं नाव कुठे निघू दिलं नाही. शेवटी मीच दोघांना फोन करून सांगितलं. तिची आई म्हणाली, "अहो, आम्ही तर लॅपटॉपलाही कुंकू लावतो." मी म्हटलं, "लावा, पण फोटो काढू नका."

सहाव्या दिवशी उत्तर आलं. सून वाचता वाचता खुर्चीवर बसली. मी दारातच उभा, खोलीत जायचं नाही म्हणून लिहून दिलेलं.

"बाबा, त्यांनी तपासलंय."

"काय तपासलं?"

"डब्याची हजेरी. दसऱ्याच्या दिवशी तो सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बंद होता, असं त्यांच्याकडे नोंदलेलं आहे. तुम्ही लिहिलं तसंच. त्यांना बाकीचंही पटलं."

मला समजायला थोडा वेळ लागला. ज्या तारेवरून त्यांनी डबा बंद केला, त्याच तारेने माझी साक्ष दिली. आणि आपण लिहिलं असतं की ती त्या दिवशी काम करत होती, तर? तिनेही तोच विचार केला असणार, कारण लगेच साहेबाला फोन लावून म्हणाली, "ऐक, तुझं ते पाहुण्यांचं पाठवलं असतं ना, आपली वाट लागली असती." तो म्हणाला, "बाबांना फोन दे." मला म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात." मी म्हटलं, "मी कसला जिंकतोय. मी तुमची चूल विझवली होती."

परवानगी परत मिळाली, पण अटी आल्या. ताकीद दिली, पुन्हा असं झालं तर सगळं रद्द. आणि डबा घरी ठेवता येणार नाही. अंधेरीच्या ऑफिसात, कुलपाच्या खोलीत हवा. तिथे नेऊन लावला की ते तिकडून चालू करतील. म्हणजे सुनेचं घरून काम संपलं. माझ्या एका फोटोने तिला रोजचा भांडुप-अंधेरी प्रवास लागला. याबद्दल तिने आजवर मला एक शब्द ऐकवलेला नाही. मी मात्र रोज सकाळी तिचा डबा, जेवणाचा, मीच भरून देतो. ही म्हणते, "आता कशी अक्कल इली." इली तर इली.

उत्तर आलं त्याच दिवशी आम्ही रिक्षा केली. डबा चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेतला. सून म्हणाली, सीटवर ठेवा. ठेवला नाही. पवईच्या खड्ड्यांत मी दोन्ही हातांनी तो उचलून धरत होतो. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काका, अंदर क्या बच्चा है?" सून हसली, सहा दिवसांत पहिल्यांदा.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना नवा रंग, सिमेंटचा वास. कुलपाच्या खोलीपर्यंत डबा मी नेला, उंबऱ्यावर तिच्या हातात दिला आणि मागे झालो. सहाही जण आत गेले. साहेब दारातून म्हणाला, "बाबा, या ना आत. इथे कोण बघतंय?"

"मी लिहून दिलंय."

"अहो, ते घरच्या खोलीचं."

"डबा असेल ती खोली. मला माहितीये मी काय लिहिलंय ते."

तो हसला आणि दार लोटलं. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. आत बटणांचा आवाज, कोणीतरी "थांब, थांब" म्हणालं. मग एकदम पाण्याचा आवाज आला, खडकावर फुटणाऱ्या लाटेचा. खेळ सुरू होताना तोच आवाज येतो. आतली पोरं ओरडली.

सून बाहेर आली. तिने वाकून माझ्या पाया पडायला हात पुढे केले. मी ते धरले आणि तिला उभं केलं. त्या दिवशी कोणी कोणाच्या पाया पडायचं हे मला ठाऊक होतं. पण म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नाही, आणि तिने पडू दिलं नसतं.

बंगळूरची माणसं आली, त्यांनी खेळ बघितला आणि महिन्याभराने होकार कळवला. साही जण तिथेच कामाला आहेत. सून संध्याकाळी सात वाजता घरी येते, चहा घेता घेता म्हातारी आज कुठवर पोचली ते सांगते, आणि मी ऐकतो. तिने सांगितलेलं आता मी सगळं ऐकतो.